रामटेकची गाईडेड डे ट्रिप, नागपूरहून : गाईडला पाच स्टार, जेवणाला एकही नाही

नागपूरचा माणूस रामटेक पाहायला माणशी १३०० रुपये देऊन राहिला म्हटल्यावर घरी पहिले सगळे हसलेच. बाबा म्हणे, अबे ५० किलोमीटर तर आहे, इतवारीहून पॅसेंजर जाते, नाहीतर गाडी काढ, कामठी कन्हान मनसर अन् पोचलास, त्यात दाखवायला माणूस कशाला लागते? बाबांचं खोटं नव्हतं. आपल्याकडे शाळेची सहल रामटेक, नवस फेडायला रामटेक, नवीन लग्न झालं की जोडपं रामटेक, अस्थी घेऊन जायच्या तरी रामटेकचा अंबाळा तलावच. अन् दरवेळी कार्यक्रम ठरलेला, पार्किंग, पायऱ्या, रामाचं दर्शन, माकडं, खाली येऊन भजी, घरी. मला फक्त पाहायचं होतं की कोणी जाणकार सोबत असला तर काही जास्तीचं दिसते का. दिसते, बरंच दिसते, म्हणूनच रिव्ह्यू लांबला. ज्यांना घाई आहे त्यांनी डायरेक्ट शेवटचे दोन पॅरे वाचा.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही आहे. तक्रारी आहेत, आणि गाईड त्यांचा पगारी माणूस नाही, ट्रिप असली की येतो, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

पिकअप ऑटोमोटिव्ह चौकातून सात वाजता होता, टेम्पो ट्रॅव्हलर पावणेआठला आली. एसी होता पण मागच्या सीटपर्यंत हवा येत नव्हती. नाश्ता तर्री पोहा, तो मात्र फर्स्ट क्लास, तर्री खरोखर तर्री होती, त्यामुळे उशिराचा राग निम्मा उतरला. आमच्यात मी, बायको, आई आणि भाऊजी, बाकी गाडीत दोन रिटायर्ड काका, एक कॉलेजच्या पोरींचा ग्रुप आणि पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक जोडपं.

गाईड रामटेकचाच पोरगा, पुरातत्त्वात एमए केलेला. त्याची एक सवय मला फार आवडली. काहीही सांगायच्या आधी तो कुठून आलं ते सांगायचा. "हे दगडावर कोरलेलं आहे", "हे पोथीत आहे", नाहीतर "हे माझी आजी सांगायची". बस, एवढंच. दिवसभर त्यानं हा नियम मोडला नाही. आजपर्यंत मी जे गाईड पाहिले ते एकतर सगळंच पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, नाहीतर दुसऱ्या टोकाचे, जे कथा सांगताना ओठ मुरडतात. हा आजीची गोष्ट पण तेवढ्याच मनापासून सांगत होता.

मनसरला गाडी थांबवली नाही, हे मला खटकलं. खिडकीतूनच हिडिंबा टेकडी दाखवली. आजीच्या मते भीमाची हिडिंबा इथली. उत्खननात मात्र तिथे वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भाच्या जुन्या राजघराण्याच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम निघालं, काही अभ्यासक त्याला त्यांच्यातल्या प्रवरसेन दुसरा या राजाचं शिवमंदिर म्हणतात, काही जण जागा बौद्ध मानतात, वाद अजून आहेच. मनसरला सापडलेली लाल दगडाची शिवाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे सगळं त्यानं गाडी चालू असताना सांगितलं, तोवर मागचे काका झोपून गेले होते.

पहिला थांबा नगरधन. किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, भोसल्यांचा म्हणून. पण या गावाचं जुनं नाव नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी, आणि इथेच प्रभावतीगुप्ता नावाच्या बाईनं राज्य चालवलं. चंद्रगुप्त दुसरा, ज्याला विक्रमादित्य म्हणतात, त्याची ही मुलगी. विदर्भात लग्न करून आली, नवरा रुद्रसेन दुसरा लवकर गेला, मुलं लहान, मग हिनंच कारभार हातात घेतला, इसवी सन ४०० च्या आसपासची ही गोष्ट. अलीकडे नगरधनला उत्खनन झालं त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा पण सापडली. तिचा मुलगा म्हणजे तोच मनसरवाला प्रवरसेन दुसरा, त्यानं रामाच्या लंकास्वारीवर 'सेतुबंध' हे काव्य लिहिलं असं मानतात, आणि ते पण महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत. कॉलेजच्या पोरी ज्या तोवर रील करत होत्या त्या इथे पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवून ऐकायला लागल्या. आई म्हणाली, "बाई, एवढं आपल्या घराजवळ अन् आपल्याला पत्ता नाही."

आता मेन गोष्ट. रामटेकच्या टेकडीवर गडमंदिराकडे जाताना वाटेत दोन छोटी, ठेंगणी, जाड भिंतींची देवळं आहेत. आपण सगळे त्यांच्या बाजूनं जातो. मी पण आयुष्यभर तसाच गेलो, मला ती कुठल्यातरी जुन्या चौकीची खोली वाटायची. ती केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. पाचव्या शतकातली! वर ज्या राममंदिरासाठी आपण दम टाकत जातो ते यादवांच्या काळातलं, तेराव्या शतकाच्या आसपासचं, म्हणजे ही दोन देवळं त्याच्याहून आठशे वर्षं जुनी, आणि तिथे आमच्याशिवाय एक माणूस नव्हता.

आत नरसिंह बसलेला आहे. आपल्या डोक्यात नरसिंह म्हणजे खांबातून निघालेला, मांडीवर हिरण्यकशिपू, आतडी बाहेर. इथे तसलं काही नाही. एक गुडघा उभा, एक पाय खाली मुडपलेला, हातात चक्र, भरलेलं अंग, आयाळ छान कोरलेली, आणि चेहरा शांत. काम झाल्यावर निवांत टेकलेला देव. बायको म्हणाली हा तर जेवण करून ओसरीवर बसलेल्या मामंजींसारखा दिसून राहिला, आईनं तिच्याकडे बघितलं पण हसू तिलाही आवरलं नाही. तेवढ्यात रिटायर्ड काकांपैकी एक बोलले, "आमचे खासदार पण नरसिंहच होते." नरसिंह राव १९८४ आणि १९८९ ला रामटेकमधूनच लोकसभेवर गेले ना, काकांनी त्या प्रचाराच्या आठवणी काढल्या, आणि गाईडनं त्यांना थांबवलं नाही, पूर्ण बोलू दिलं. अशा गोष्टींनीच माणूस कळतो.

मग भिंतीवरचा शिलालेख. केवल नरसिंहाच्या मंडपात तो शतकानुशतकं चुन्याच्या थराखाली दबलेला होता, १९८० च्या दशकात उजेडात आला. गाईडनं सरळ टॉर्च मारला तर भिंत नुसती खरबरीत दिसली, काही नाही. मग त्यानं मोबाईल भिंतीला जवळजवळ चिकटवून टॉर्च आडवा धरला, अन् एकदम ओळी उठल्या. एकेका अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी, वाकाटकांची खासियत, पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात तिला. कुठे अर्धं अक्षर, कुठे नुसती पेटीच उरलेली, कुठे दगडाचा पापुद्राच गेलेला. हात लावू देत नव्हता कोणालाच, पुण्याच्या दादांना दोनदा टोकलं. बराचसा लेख झिजला आहे, त्यामुळे अभ्यासकांची वाचनं सगळीकडे जुळत नाहीत, पण प्रभावतीगुप्तेच्या घरातल्याच गोष्टी त्यात आहेत, आणि आईच्या पुण्यासाठी मुलीनं हे देऊळ बांधलं असं वाचलं जाते. दगडावर लिहिलेलं, बरं का, आजीचं नाही. हे ऐकून आई पुन्हा आत गेली अन् नमस्कार करून आली. पहिला नमस्कार नरसिंहाला होता, दुसरा कोणाला ते तिनं सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

पुढे वराह. पहिल्या दरवाजाजवळ, वराह दरवाजाच नाव त्याचं, खांबांच्या उघड्या मंडपात दगडाचा अख्खा प्रचंड डुक्कर उभा आहे, विष्णूचा अवतार. सांगतात की त्याच्या पोटाखालून जो सरपटत पलीकडे निघतो तो निष्पाप, जो अडकला तो पापी. गाईड म्हणे ही आजीची कॅटेगरी, आणि आजी स्वतः कधी गेली नाही. कॉलेजच्या पोरींना ट्राय करायचं होतं, पण जुन्या दगडाला घासत जाणं बरं नाही म्हणून त्यानं नाही म्हटलं. सगळ्यात जास्त सुटल्यासारखं भाऊजींना वाटलं, त्यांचा घेर पाहता निकाल ठरलेलाच होता.

गडाच्या आत दरवाजामागून दरवाजा लागतो, सिंहपूर, भैरव, मग गोकुळ. गोकुळ दरवाजावर मान वर करून थोडं थांबा, कोरीव काम बघण्यासारखं आहे, लोक तिथे फक्त चपलांची जागा शोधत असतात. आत गेलं की पहिले लक्ष्मणाचं देऊळ येते अन् त्याच्या मागे रामाचं, म्हणजे भावाला ओलांडून देवाकडे जाता येत नाही. याच लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे, टेकडीवरच्या तीर्थांची स्तुती असलेला. मजा म्हणजे आज आपण ज्याला दंतकथा म्हणतो त्यातल्या काही तेराव्या शतकातच दगडावर चढल्या होत्या. टेकडीला सिंदूरगिरी का म्हणतात, तर हिरण्यकशिपूच्या रक्तानं लाल झाली म्हणून, ही त्यातलीच. खाली दगड फुटला की आतून लाल दिसतो, ते आम्ही पाहिलं, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. भोसल्यांनी, म्हणजे पहिल्या रघुजींनी, पुढे या देवस्थानाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. रामाच्या आताच्या मूर्ती तळ्यात सापडल्या होत्या असं गावात सांगतात.

रामाची कथा सगळ्यांना माहीत आहे. वनवासात इथे अगस्तींचा आश्रम, राक्षसांनी मारलेल्या ऋषींच्या हाडांचा ढीग रामानं पाहिला अन् राक्षस संपवायची टेक घेतली, म्हणून रामटेक. हे त्यानं पटकन सांगून टाकलं. वेळ दिला तो धूम्रेश्वराला, आणि इथे गाडीतलं वातावरण थोडं तापलं.

धूम्रेश्वर म्हणजे टेकडीवरची पिंड. कथा अशी की शंबूक, जो शूद्र असून तप करत होता म्हणून रामानं ज्याला मारलं, तो इथेच पडला. मरताना त्यानं रामाकडे वर मागितला, तू इथेच राहा आणि माझीही पूजा होऊ दे. त्याच्या देहाची पिंड झाली. एक काका लगेच म्हणाले असल्या गोष्टी कशाला सांगता पोरांसमोर, ते नंतर घुसडलेलं आहे. कॉलेजातल्या एका पोरीनं तिथल्या तिथे विचारलं, घुसडलेलं आहे तर पिंड काहून आहे मग? दोन मिनिटं कोणी बोललं नाही. गाईडनं ना काकांची बाजू घेतली ना पोरीची, ना विषय गुंडाळला. म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता तो वाद रामायणाच्या अभ्यासकांमध्ये आहेच. पण ह्या टेकडीनं शंबूकाला विसरायचं नाही असं ठरवलं, हे पण तेवढंच खरं. रामाच्या गडावर त्याला फूल मिळते." काका पुढे बराच वेळ गप्प होते, मात्र धूम्रेश्वराला फूल वाहून आले. नागपुरात राहून हा विषय किती नाजूक ते आपल्याला सांगायला नको, इतक्या साध्या शब्दांत कोणी निभावून नेताना मी तरी पाहिलं नव्हतं. पाच स्टार त्याला याच्यासाठी.

कालिदास स्मारकापाशी येईपर्यंत पावसाची बुरबुर सुरू झाली होती. आषाढच होता. मेघदूतातला शापित यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर अडकला तो हाच डोंगर, असं आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. सगळे अभ्यासक मान्य करतात असं नाही, पण मुद्दा वजनदार आहे, कारण प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरला मिळालेला ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपासूनच दिलेला आहे, म्हणजे त्या काळी या भागात रामगिरी नावाचं विष्णूचं मोठं ठाणं होतंच. स्मारकात भिंतींवर कालिदासाच्या नाटक-काव्यांतले प्रसंग रंगवलेले आहेत. समोर ढग टेकडीला घासून चाललेले, एका बाजूला खिंडसी तलावाचं पाणी दिसायचं अन् गायब व्हायचं. गाईडनं पहिला श्लोक म्हणायला घेतला अन् मधेच विसरला, पुढचा आमच्या आईनं पूर्ण केला! शाळेत पाठ केलेला. मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं तिला येतो म्हणून.

माकडांबद्दल. काळतोंडे वानर आहेत, खूप आहेत, आणि प्रसादाची पिशवी त्यांना बरोबर कळते. पुण्याच्या वहिनींच्या हातातून नारळ गेला. पिशवी सॅकमध्ये घाला, चष्मा सांभाळा, खायला देऊ नका, विषय संपला.

आता तक्रारी. जाहिरातीत लिहिलेलं, 'अस्सल वऱ्हाडी जेवण, खिंडसीच्या काठी'. खिंडसी होतं, काठ होता. जेवण म्हणजे पनीर बटर मसाला, जिरा राईस, दाल फ्राय आणि थंड झालेल्या बटर रोट्या. अहो, रामटेक तालुक्यात बसून भाकर-झुणका, वांग्याचं भरीत देता येत नाही? मी विचारलं तर ट्रिप मॅनेजर म्हणे सर, सगळ्यांना चालेल असं ठेवलं. सगळ्यांना म्हणजे कोणाला? गाडीत सगळेच वरण-भातवाले होते. पावणेदोन तास त्या जेवणात गेले, त्यातला तासभर ऑर्डरची वाट पाहण्यात. आणि तोच तास पुढे अंबाळ्याच्या वाट्यातून कापला गेला, हे मला जास्त लागलं.

अंबाळा तलाव म्हणजे टेकडीच्या पायथ्याचा, चारी बाजूंनी घाट अन् देवळं. अंबा नावाच्या राजाचं कोड या पाण्यात गेलं अशी कथा. इथूनच जुन्या पायऱ्या गडावर जातात, खरं तर चढायचं इथूनच, उतरायचं गाडीनं. आम्हाला दिली फक्त वीस मिनिटं, त्यातली पाच टॉयलेट शोधण्यात. तेवढ्यात गाईडनं टिपूर सांगितला, त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री गडाच्या शिखरावर ज्योत पेटवतात, देवाचं जुनं पितांबर त्यात जाळतात आणि खाली जत्रा भरलेली असते. भोगरामाचं देऊळ लांबून बोट दाखवून झालं, महानुभाव पंथाची मोठी श्रद्धा आहे तिथे, आमच्या सोबतच्या एका काकांना मुद्दाम जायचं होतं, राहून गेलं, ते परतीच्या प्रवासात नाराजच होते. कर्पूर बावली तर यादीत असून रद्दच. यादवकालीन पायऱ्यांची विहीर, काठाला देवळं, एवढी सुंदर जागा, अन् कारण काय तर पाऊस. शांतिनाथाचं जैन मंदिर पण यादीत होतं, बाहेरून पाहिलं. पैसे परत वगैरे काही नाही, विचारलं तर हसून टाळलं.

आईनं मात्र बाजारातून रामटेकच्या कपुरी पानांची गड्डी घेतलीच. पानं कोवळी होती, दोन दिवस घरात विडे चालले.

घ्यायची का ही ट्रिप? गाईड हाच असेल तर डोळे झाकून घ्या. बुक करताना कंपनीला स्पष्ट विचारा की गाईड रामटेकचा, पुरातत्त्ववाला आहे का, कारण त्यांच्याकडे दुसरा पण एक आहे म्हणे, तो फक्त फोटो काढून देतो. लहान पोरं, सिनियर लोक सगळ्यांना जमते, गाडी बऱ्यापैकी वर जाते, पण गडाच्या आत पायऱ्या आहेत, अन् एप्रिल-मे मध्ये तर जाऊच नका, दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही.

आणि जमत असेल तर आठ-दहा जण मिळून फक्त गाईड बोलवा, गाडी आपली न्या. सकाळी सहाला निघा, अंबाळ्याहून पायी चढा, नरसिंहांना निवांत अर्धा तास द्या, कर्पूर बावली उरका, डबा घरून भरून न्या. कंपनीला मी मेसेज केलाय की नोव्हेंबरात टिपूरची नाईट ट्रिप काढा म्हणून, अजून निळी टिक झाली नाही. कोणाला त्या रात्री जायचं असेल तर खाली कळवा, आमचे चार पक्के आहेत, भाऊजी धरून.